बिनपट्टीची बाटली

माझ्या बाटलीवर मी 'जेवताना एक छोटी वाटी, दिवसाला दोनच्या वर नको' असं छापायला निघाले, हा माझा गुन्हा. बाटलीत काजूच्या बोंडांची वाइन होती, हा गुन्हा नव्हता. तिचा परवाना माझ्याकडे होता, काचेच्या चौकटीत, भिंतीवर टांगलेला. बनवायला सरकारची हरकत नव्हती, विकायला नव्हती. किती प्यावी एवढं सांगायला मात्र होती. हे मी आजवर भेटेल त्याला ऐकवलं आहे आणि दर वेळी माझं डोकं नव्याने तापतं. आता लिहून काढते, म्हणजे निदान घरचे तरी सुटतील.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पुढे गेलं की चढावर आमची बाग आहे. खाली हापूस, वर कातळाच्या कडेने काजू. काजूच्या दिवसांत बी पिरगळून घ्यायची आणि बोंड तिथेच टाकायचं, ही सगळ्यांचीच रीत. एप्रिल निम्मा झाला की सगळ्या उताराला आंबूस वास सुटायचा, माश्या घोंगावायच्या, आणि त्या रसाळ फळांवरून पाय घसरत आम्ही बिया वेचायचो. लग्न होऊन आल्यापासून मला त्या नासाडीचा राग यायचा. अठ्ठ्याण्णव साली मी पहिल्यांदा घरच्या बरणीत रस आंबवून पाहिला. तो घशाला इतका तुरट लागला की नवऱ्याने एक घोट घेतला आणि अंगणात जाऊन चूळ भरली. पुढच्या वर्षी मी रसात भाताची पेज घालून पाहिली. पेजेने तुरटपणा ओढून घेतला, गाळ तळाशी बसला आणि वर जे राहिलं ते पिवळंधमक, निवळ आणि चवीला सरस होतं. शास्त्र मी बीएस्सीला शिकले होते, पण पेज मात्र माझ्या स्वयंपाकघरातली.

त्याच सुमारास सरकारने द्राक्षांच्या वाइनला सवलती देण्याचं बोलणं सुरू केलं होतं. आमच्या बोंडांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तरी मी अर्ज केला. परवाना मिळायला दोन वर्षं आणि चपलांचे तीन जोड लागले. गावात लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते अण्णांचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. राजापूरच्या बाजारात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते जन्मभर कंपाउंडर होते. दवाखाना बंद झाला, आई गेली, तेव्हा मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. ते आले आणि पाठोपाठ माझ्या छपरीत पिंपं आली. अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दारूने पोट फुगलेली, हात थरथरणारी माणसं त्यांनी बाकावर बसलेली रोज पाहिली होती. परवाना आला त्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्यासमोर गेले. त्यांनी पेढा घेतला नाही. म्हणाले, "मी जन्मभर बाटल्या भरल्या. तू पण बाटल्याच भरणार. पण ह्या." त्यानंतर आमच्यात जेवायला ये, अंघोळीचं पाणी तापलंय, एवढंच बोलणं उरलं. संध्याकाळी फिरायला जातानाही ते छपरीची वाट टाळून लांबच्या वाटेने जायचे. माझी बाजू त्यांना पटवावी असं मला रोज वाटायचं आणि रोज माझ्या तोंडाला कुलूप लागायचं.

आता पट्टीचं सांगते. ज्यांनी तसला दवाखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी.

तेव्हा औषध पातळ असायचं आणि बाटली आपली आपण घरून न्यायची. घरात कुठली बाटली असणार? कुणी तेलाची आणायचं, कुणी कुणाच्या तरी संपलेल्या दारूची, धुऊन. त्यात अण्णा गुलाबी नाहीतर खाकी मिक्स्चर भरायचे. मग कागदाची एक अरुंद पट्टी घ्यायची, तिची घडी घालायची, पुन्हा घडी, पुन्हा घडी, आणि कडेला कात्रीने तिरपं कातरायचं. उलगडली की एका बाजूला करवतीसारखे दाते. ती पट्टी खळ लावून बाटलीला उभी चिकटवायची. एका वेळी एका दात्याएवढं औषध. वाचता येणारा असो की अंगठेबहाद्दर, सगळ्यांना ते कळायचं. सुट्टीत त्या पट्ट्या मी कातरायचे.

एकदा मी त्या कातरल्या नाहीत. मैत्रिणी हाका मारत होत्या, मी कात्री टाकून अर्जुना नदीच्या काठी पळाले. त्या वेळात वाडीतला एक माणूस आला, खोकल्याचं औषध घेऊन गेला. त्याने आणलेली बाटली दारूची होती. अण्णा गडबडीत होते, पट्टी तयार नव्हती, बाटली तशीच गेली. त्या माणसाने घरी जाऊन ती दारूसारखीच संपवली, एका बैठकीत. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. त्याच्या बायकोचं रडणं दवाखान्याच्या पायरीवर मी ऐकलं आहे. माणूस वाचला. अण्णांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. दोन्ही दिवस ते त्या वाडीत चालत गेले आणि चालत आले. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून म्हणाले, "आधी पट्टी, मग औषध." त्यानंतर त्यांच्या टेबलावर पट्टी चिकटवल्याखेरीज बाटलीचं बूच कधी उघडलं नाही.

तेव्हा माझ्या वाइनच्या लेबलवर मी मात्रा लिहिली, ती कुठल्या धंद्याच्या पुस्तकात वाचून नाही. मला दुसरं काही सुचलंच नसतं. नाव, गाव, काय घातलंय ते, आणि खाली ठळक अक्षरांत वाटीचा हिशोब. त्याच्या खाली गरोदर बाईने आणि गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये, हेही. मला त्या लेबलचा अभिमान वाटत होता. मंजुरीसाठी ते मी स्वतः एक्साइजच्या कचेरीत घेऊन गेले.

साहेब देशावरचे होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, लेबल दोनदा वाचलं आणि लाल पेनने वाटीवर आडवी रेघ मारली. कायद्याने दारूची जाहिरात करता येत नाही. 'एक वाटी' म्हणजे पिण्याचं आमंत्रण, म्हणून ती जाहिरात. शिवाय मात्रा औषधाला असते. दारूला मात्रा लिहिली म्हणजे दारूला औषध म्हटल्यासारखं, तोही दोष. एका वाटीत दोन गुन्हे. मद्यपान आरोग्याला अपायकारक आहे ही ओळ छापा, बाकी सगळं काढा, असं त्यांचं म्हणणं.

ती ओळ मी छापणारच होते, मी म्हटलं. पण ती ओळ किती ते सांगत नाही. अपाय पहिल्या घोटाला होतो की दहाव्या पेल्याला, हे माणसाने कुठून ओळखायचं?

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ताई, वाटी छापली की पहिली वाटी सरकारनंच हातात दिली असं होतंय. उद्या कुणी म्हणेल, लेबलावर लिहिलंय म्हणून घेतली."

"आणि नाही लिहिली तर बाटली संपवेल."

"ते त्याचं तो बघेल."

ते चिडून बोलले नव्हते. त्यांच्या मते ते साधी नियमाची गोष्ट सांगत होते. माझ्या मात्र अंगाची लाही झाली. ते त्याचं तो बघेल! दवाखान्याच्या पायरीवर बसलेली ती बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी चहा तसाच टाकून उठले. उठताना आवाज चढला असणार, कारण बाहेरच्या कारकुनाने मान वर करून पाहिलं.

एसटी स्टँडवर आले तर समोर भलामोठा फलक. सूटबूट घातलेला देखणा पुरुष, त्याच्याकडे बघणारी बाई, आणि वर एका दारूचं नाव, जे चार वर्षांच्या पोरालाही पाठ होतं. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'सोडा'. तशीच मागे फिरले. पुन्हा कचेरीत जाऊन साहेबांना विचारलं, ते चालतं? ते म्हणाले, ती सोड्याची जाहिरात आहे, त्यात दारूचा शब्द नाही, आम्हाला काही करता येत नाही. मी विचारलं, त्या सोड्याची बाटली तुम्ही कधी पाहिलीत? त्यांनी पुढची फाइल ओढली. पण एक गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात पक्की बसली. त्यांचा कायदा अक्षरं वाचतो. अक्षर नसेल तर त्याला दिसत नाही.

लगेच काही युक्ती सुचली असं मात्र नाही. मी तशी हुशार नाही. घरी आले, पडवीत बसले आणि रडले. रागाने रडले. पिंपांत वर्षाचं काम तयार होऊन पडलं होतं, लेबलशिवाय ते बाहेर जाणार नव्हतं, आणि वाटीशिवाय ते बाहेर पाठवायला माझं मन तयार होत नव्हतं. नवरा म्हणाला, एवढं काय धरून बसलीस, सगळेच बिनवाटीचं विकतात. त्याचं खोटं नव्हतं. तरी मी त्याला काहीतरी लागेल असं बोलले.

अण्णा झोपाळ्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. किती तरी महिन्यांनी ते आपणहून माझ्याशी बोलले.

"मात्रा लिहिलीस काय गो बाटलीवर?"

"लिहिली होती. लिहू देत नाहीत."

झोपाळा एकदोनदा कुरकुरला आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छपरीत गेले तर अण्णा तिथे बसलेले. जिथे ते कधी पाय ठेवत नव्हते तिथे, पालथ्या क्रेटवर, मांडीवर जुनं वर्तमानपत्र, शेजारी कोऱ्या कागदांची थप्पी आणि हातात ती राजापूरची कात्री. हात आता थरथरत होते, त्यामुळे दाते लहानमोठे होत होते. वाकडा दाता आला की ते ती पट्टी बाजूला टाकून दुसरी घ्यायचे. मला पाहून म्हणाले, "किती वाट्यांची बाटली तुझी?"

मी म्हटलं, आठ. त्यांनी मान हलवली आणि कागदाची घडी घातली. तिथेच मला रडू आलं, आणि ह्या वेळी ते रागाचं नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले, खळ शिजवली आणि पट्ट्या चिकटवू लागले. तुझी दारू मला मान्य आहे असं अण्णा त्या दिवशी म्हणाले नाहीत. नंतरही कधी म्हणाले नाहीत. बाटली बिनपट्टीची जाऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि तेवढं मला खूप झालं.

लेबल साहेबांनी सांगितलं तसं, एकही शब्द जास्त नाही. दुसऱ्या अंगाला कोऱ्या कागदाची आठ दात्यांची पट्टी. तीन महिन्यांनी साहेब तपासणीला आले. पिंपं मोजली, कुलपं पाहिली, मग एक बाटली उचलून फिरवली आणि थांबले.

"हे काय आहे?"

"कागद आहे," मी म्हटलं. "वाचून बघा. कुठलं अक्षर आक्षेपार्ह असेल तर सांगा, खोडते."

अण्णा कोपऱ्यात क्रेटवर बसून होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरच्या कात्रीकडे पाहिलं. मग त्यांचा अंगठा त्या दात्यांवरून खालपासून वरपर्यंत गेला. त्यांच्या वयाच्या माणसाने तसली पट्टी पाहिलेलीच नाही, हे शक्य नव्हतं. तरी शेऱ्यांच्या वहीत त्यांनी लिहिलं, 'बाटलीच्या बाजूस कातरलेला कोरा कागद चिकटवलेला आढळला. मजकूर नाही.' खाली सही केली. जाताना एवढंच म्हणाले की हे वर कळवावं लागेल.

वर कळवलं गेलं. वरून कुणीतरी त्याचा विचार करत राहिलं. तोवर वर्ष उलटलं, आणि गणपती आटोपल्यावर अण्णा गेले. दुखणं फार नव्हतं. शेवटच्या आठवड्यातही उशाशी कातरलेल्या पट्ट्यांचा एक गठ्ठा होता, रबराने बांधलेला. तो संपला तेव्हा मला कळलं नाही, कारण तेरा दिवस मी छपरीकडे फिरकलेच नव्हते. कामाच्या बायकांनी उरलेल्या बाटल्या तशाच खोक्यांत भरल्या, नवऱ्याने दुकानदाराकडे पोचवली. नेहमीची ऑर्डर, त्या वर्षाची शेवटची; त्याचंही काही चुकलं नाही.

पुढचं मी दोन भागांत सांगते. परवान्याचं काय झालं ते आधी, कारण शेवट त्यावर करायची माझी इच्छा नाही. परवाना राहिला. मार्चअखेर नूतनीकरणाचा कागद आला, त्यात पट्टीचा चकार शब्द नव्हता. का नव्हता ते मला ठाऊक नाही. साहेबांची तोवर बदली झाली होती. पट्टी त्यांना पटली, की विसरली, की फाइलच कुठे गहाळ झाली, हे मी कधी विचारायला गेले नाही. त्यानंतरही दोनदा तपासणी झाली आणि दोन्ही वेळा कुणाचा तरी अंगठा त्या दात्यांवरून फिरला.

पण हे पुढचं. नूतनीकरणाच्या आधी, फेब्रुवारीत, टपालाने एक लखोटा आला होता. आत पत्र आणि पत्रासोबत छापील हमीपत्र. मी, खाली सही करणार, असं लिहून देते की बाटलीवर मंजूर लेबलखेरीज कुठलाही कागद, पट्टी, चिन्ह वा खूण लावणार नाही. आठ दिवसांत सही करून परत पाठवावं, न पाठवल्यास परवान्याचा विचार करावा लागेल. मी ते छपरीत उभ्या उभ्या वाचलं. अण्णांचा क्रेट तिथेच होता. आता कुणाशी भांडायचं आणि कुणासाठी, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. दमले होते मी. पेन शोधायला हात पिशवीत गेलासुद्धा.

तेवढ्यात फाटकातून एक बाई आली. मी तिला ओळखत नव्हते. पदराखाली धरलेली बाटली तिने बाहेर काढली. माझीच होती, बूच न उघडलेली. ती ठेवायला जागा शोधत म्हणाली, "ह्या बाटलीला पट्टी नाय."

मी बघत राहिले. तिने मला समजलं नाही असं धरून पुन्हा सांगितलं. तिचा नवरा पूर्वी मिळेल ते प्यायचा. आता ही बाटली तिच्या फडताळात असते, किल्ली तिच्या कमरेला. जेवायला बसला की ती दात्यापर्यंत ओतते, दोन वेळा, त्याच्या वर नाही. तो कुरकुरतो, पण दात्यासमोर त्याचं काही चालत नाही. "त्याला वाटतं डॉक्टरनं लावलीय," ती म्हणाली. "आता ही अशी नागवी बाटली त्याच्यापुढं कशी नेऊ? किती द्यायची ता कसं कळायचं?"

माझ्या वाइनने कुणाची दारू सुटली असा दावा मी करत नाही. तिच्या नवऱ्याचीही सुटली नव्हती. पण त्या दाराशी उभं राहून मला एकदम दहा वर्षांची झाल्यासारखं वाटलं, नदीकाठाहून धापा टाकत परत आलेली. फरक एवढाच की ही बाई बाटली भरलेली घेऊन आली होती. अजून काही बिघडलेलं नव्हतं.

मी तिला क्रेटवर बसवलं. कात्री खुंटीला होती. कोरा कागद शोधायला लागले तर छपरीत एकही नव्हता, अण्णांनंतर कुणी आणलाच नव्हता. होता तो हातातला. हमीपत्र चांगल्या जाड कागदाचं होतं, मागची बाजू कोरी. मी त्याची उभी अरुंद पट्टी कापली. घडी घातली, पुन्हा घडी, पुन्हा घडी, आणि तिरपं कातरलं. खळ नव्हती, म्हणून सकाळच्या डब्यातला भात चुरून लावला आणि कोरी बाजू वर ठेवून पट्टी दाबून बसवली.

बाईने बाटली उजेडाकडे धरली आणि बोटाने दाते मोजले. "आठ," ती म्हणाली. मग थोडा विचार केला. "ह्या टायमाला रोज एकच देतंय त्याला. आठ दिवस पुरंल."

ती बाटली पदराखाली घेऊन गेली. उरलेल्या हमीपत्राच्या आणखी पाच पट्ट्या निघाल्या.